नि:शब्द आकाशाचा वाचक : जॉन गुड्रिक

ग्रंथालयाच्या कपाटांत केवळ मान्य झालेले ज्ञान नसते. एके काळी मांडले गेलेले, पुढे मागे पडलेले आणि विस्मृतीत गेलेले तर्कही तेथे जपून ठेवलेले असतात. अशा तर्कांना क्वचित नवे आयुष्य लाभते. इंग्लंडमधील यॉर्क या जुन्या नगरात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात राहिलेल्या जॉन गुड्रिक या तरुण ज्योतिर्विदाचे चरित्र या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. जेमतेम एकवीस वर्षे सात महिन्यांचे आयुष्य त्याला लाभले. त्याला ऐकू येत नव्हते. मोठी वेधशाळा त्याच्यापाशी नव्हती. तरीही ताऱ्यांचा प्रकाश नियमित कालावधीने कमीजास्त होतो, हे मोजून सिद्ध करण्याचा आणि त्यामागे कारण काय असावे याचा विचार करण्याचा पाया त्याने घातला. तारा स्वतःभोवती फिरताना त्याच्यावरील काळे डाग आपल्यासमोर येतात व त्यामुळे तो मंद दिसतो, हा त्याचा एक तर्क ज्या ताऱ्यांसाठी त्याने मांडला त्यांच्या बाबतीत चुकीचा ठरला. परंतु सुमारे पावणेदोनशे वर्षांनी निराळ्याच ताऱ्यांच्या बाबतीत तो खरा निघाला.

बालपण आणि शिक्षण

गुड्रिकचा जन्म १७ सप्टेंबर १७६४ रोजी नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन या गावी झाला. पानिपतच्या रणसंग्रामाला तेव्हा तीन वर्षे लोटली होती, एवढे सांगितले म्हणजे काळाची कल्पना येईल. वडील हेन्री गुड्रिक हे इंग्रज सरकारच्या परराष्ट्र सेवेत होते. घराणे यॉर्कशरमधील प्रतिष्ठित जमीनदारांचे. आजोबा सर जॉन गुड्रिक हे वंशपरंपरागत सरदारकीचे धनी असून रिब्स्टन हॉल ही त्यांची हवेली होती. अगदी लहान वयात झालेल्या आजारपणात जॉनची श्रवणशक्ती गेली. भाषा कानावर पडण्याच्या वयातच ती कानांना पारखी झाली.

त्या काळी अशा मुलाच्या वाट्याला बहुधा अज्ञान आणि एकांत हेच येई. कर्णबधिरांना शिकविता येते, यावरच पुष्कळांचा विश्वास नव्हता. एडिंबरो येथे टॉमस ब्रेडवुड या शिक्षकाने १७६० मध्ये अशा मुलांसाठी शाळा काढली होती. ब्रिटनमधील ती या प्रकारची पहिली शाळा मानली जाते. वयाच्या आठव्या वर्षी जॉनला तेथे पाठविण्यात आले. ओठांच्या हालचाली ओळखणे, शब्द उच्चारणे आणि मुख्य म्हणजे लिहिणे-वाचणे यांचे शिक्षण तेथे दिले जाई. जॉन तेथे शिकत असताना, १७७३ मध्ये, विख्यात कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी या शाळेला भेट दिली आणि तेथील मुलांची प्रगती पाहून ते प्रभावित झाले.

१७७८ मध्ये जॉनने वॉरिंग्टन येथील विद्यालयात प्रवेश घेतला. हे विद्यालय ऐकू येणाऱ्या सर्वसामान्य विद्यार्थ्यांचे होते. तेथे त्याची सोय करण्यासाठी वेगळी व्यवस्था नव्हती. पुस्तके, फळा आणि स्वतःची चिकाटी यांच्या बळावर तो शिकला आणि गणितात विशेष गती मिळवून १७८१ मध्ये यॉर्कला आपल्या कुटुंबात परत आला. भव्य कॅथीड्रलच्या पाठीमागे असलेल्या ट्रेझरर्स हाऊस या जुन्या वास्तूच्या एका भागात गुड्रिक कुटुंब राहत असे. त्या घराच्या खिडकीतूनच पुढील वेध घेतले गेले.

शेजार आणि मैत्री

मनुष्याच्या आयुष्यात योग्य वेळी योग्य शेजार लाभणे हे भाग्याचे लक्षण होय. गुड्रिकला एडवर्ड पिगॉटचा शेजार लाभला. पिगॉट त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठा. त्याचे वडील नॅथॅनिएल पिगॉट हे जाणते ज्योतिर्विद असून त्यांनी यॉर्कमध्ये स्वखर्चाने उत्तम उपकरणांची खासगी वेधशाळा उभारली होती. एडवर्डने या तरुणाला बरोबरीच्या नात्याने आपल्या कार्यात सामील करून घेतले. वयातील अंतर वा गुड्रिकचे बधिरत्व यांचा त्यांच्या स्नेहाला अडथळा झाला नाही. आपापल्या घरातून दोघे वेध घेत आणि चिठ्ठ्यांची देवघेव करून ते पडताळून पाहत.

नोव्हेंबर १७८१ मध्ये गुड्रिकने आपली वेधांची दैनंदिनी सुरू केली. त्याच वर्षी मार्च महिन्यात विल्यम हर्शेलने युरेनसचा शोध लावला होता. आकाशात नवे काही सापडू शकते, या जाणिवेने सर्वत्र उत्साह संचारला होता. पिगॉटच्या मनात रूपविकारी ताऱ्यांचा विषय घोळत होता. ज्यांची तेजस्विता स्थिर नाही असे तारे त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच ठाऊक होते. तिमिंगल राशीतील मीरा हा त्यांतील प्रमुख. त्याचा फेरा जवळजवळ अकरा महिन्यांचा.

मायावतीचे कोडे

ययाती या तारकासमूहात अलगोल नावाचा ठळक तारा आहे. आपल्याकडे त्याला मायावती म्हणतात. अरबांनी दिलेल्या नावाचा अर्थ राक्षसाशी निगडित आहे. माँतानारी या इटालियन ज्योतिर्विदाने सतराव्या शतकातच या ताऱ्याच्या प्रकाशात फरक पडत असल्याचे नोंदविले होते; पण हा फरक कोणत्या नियमाने पडतो, याचा शोध कोणी घेतला नव्हता.

१२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री गुड्रिकने मायावतीकडे पाहिले आणि तो विस्मित झाला. एरवी दुसऱ्या प्रतीचा असणारा हा तारा चौथ्या प्रतीच्या आसपास उतरलेला दिसत होता. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. हा दृष्टीचा दोष असेल, हवेचा परिणाम असेल, अशा शंका त्याने स्वतःच घेतल्या. दुसऱ्या रात्री तारा पूर्ववत झाला होता. मग तो रोज मायावतीकडे पाहू लागला. आठवड्यांमागून आठवडे गेले. डिसेंबरच्या अखेरीस तारा पुन्हा मंद झालेला त्याला सापडला.

एवढा विलंब का लागावा? कारण मायावतीचा फेरा तीन दिवसांहून सुमारे तीन तासांनी कमी आहे. एके रात्री मध्यरात्री ती मंद झाली, तर तिसऱ्या रात्री नऊच्या सुमारास आणि त्यापुढे आणखी तीन रात्रींनी सायंकाळी सहाला मंद होईल. नंतरची तिची मंदावस्था दिवसा उजेडी येऊन नजरेला पडणारच नाही. त्यात यॉर्कचे ढगाळ आकाश! विजेच्या दिव्यांच्या पूर्वीच्या त्या काळात हिवाळ्याच्या रात्री खिडकीपाशी तासन्‌तास बसून राहणे, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून प्रकाशाचा अंदाज घेणे आणि घड्याळ पाहून तो टिपून ठेवणे, एवढेच त्याचे साधन. मायावतीसाठी तर केवळ साधी दृष्टी पुरेशी होती.

१७८३ च्या वसंतापर्यंत त्याच्याजवळ पुरेसे वेध जमले. मायावतीचा फेरा २ दिवस २० तास ४५ मिनिटांचा असल्याचे त्याने काढले. आजचा आकडा २ दिवस २० तास ४९ मिनिटे आहे. पुढे आणखी वेध घेऊन त्याने स्वतःच आपला आकडा सुधारून आजच्या आकड्याच्या अगदी निकट आणला. केंब्रिजचे प्राध्यापक अँथनी शेपर्ड यांच्या मार्फत त्याचा निबंध रॉयल सोसायटीकडे गेला आणि मे १७८३ मध्ये तेथे वाचण्यात आला. त्याच वर्षी सोसायटीने त्याला कॉप्ली पदक देऊन गौरविले. तो तेव्हा वीस वर्षांचाही झालेला नव्हता. आपल्याकडे तो सवाई माधवराव पेशव्यांचा काळ होता आणि ग्वाल्हेरजवळील सालबाईच्या तहाला नुकतेच एक वर्ष झाले होते.

दोन तर्क

केवळ आकडा देऊन गुड्रिक थांबला नाही. कारण काय असावे याविषयी त्याने दोन शक्यता मांडल्या. एक अशी, की मायावतीभोवती एखादा मोठा अप्रकाशित गोल फिरत असावा आणि तो मध्ये आला की ताऱ्याला ग्रहण लागत असावे. ही कल्पना दोघा मित्रांच्या विचारविनिमयातून आली. पिगॉटचा तिच्यातील वाटा मोठा होता. दुसरी शक्यता अशी, की तारा स्वतःभोवती फिरत असावा आणि त्याच्या एका बाजूवर डाग असून ती बाजू ठरावीक काळाने पृथ्वीकडे वळत असावी.

डागांची कल्पना सर्वस्वी नवीन नव्हती. सूर्यावरील डाग सतराव्या शतकाच्या आरंभापासून दुर्बिणीतून दिसत आले होते आणि सूर्य स्वतःभोवती फिरतो हे त्यांच्या सरकण्यावरूनच कळले होते. फ्रेंच ज्योतिर्विद बूयो याने १६६७ मध्ये मीरा ताऱ्यासाठी हाच खुलासा सुचविला होता. ग्रहणाची कल्पना मात्र धाडसी होती. दोन तारे परस्परांभोवती फिरतात याचा पुरावा त्या वेळी कोणाजवळच नव्हता.

१७८४ हे वर्ष या दोघा मित्रांच्या कार्यात सुवर्णाक्षरांनी लिहावे असे आहे. १० सप्टेंबरच्या एकाच रात्री पिगॉटला गरुड समूहातील ‘ईटा’ हा तारा आणि गुड्रिकला स्वरमंडळातील ‘बीटा’ हा तारा बदलताना आढळला. स्वरमंडळातील ताऱ्याचा फेरा प्रथम सहा दिवसांहून थोडा अधिक भासला. परंतु एकाआड एक येणाऱ्या दोन मंदावस्था सारख्या नाहीत हे ध्यानात घेऊन गुड्रिकने तो बारा दिवस एकोणीस तासांचा असल्याचे ओळखले. ऑक्टोबरमध्ये त्याने वृषपर्वा समूहातील ‘डेल्टा’ ताऱ्याचा सव्वापाच दिवसांहून थोडा मोठा फेरा हुडकून काढला. हा तारा चढताना झपाट्याने चढतो आणि उतरताना सावकाश उतरतो.

हे नवे तारे मायावतीसारखे वागत नव्हते. ठरावीक काही तासांपुरते मंद होऊन एरवी स्थिर राहण्याऐवजी त्यांचा प्रकाश सतत बदलत होता. त्यामुळे बीटा स्वरमंडळासाठी गुड्रिकने स्वतःभोवती फिरणाऱ्या ताऱ्यावरील मोठ्या काळ्या डागांच्या तर्काचा आश्रय घेतला. धाडसी तर्कापासून परिचित तर्काकडे तो वळला, असे आज आपल्याला वाटेल. परंतु उपलब्ध वेधांशी जुळणारे कारण शोधण्याची त्याची निष्ठाच यातून प्रकट होते.

अकाली अंत

याच १७८४ मध्ये वडील निवर्तले आणि आजोबांच्या सरदारकीचा वारस म्हणून जॉनचे नाव पुढे आले. हवेली, जमीनजुमला आणि पदवी त्याची वाट पाहत होत्या. त्याचे चित्त मात्र खिडकीबाहेरच्या आकाशात रमले होते. एप्रिल १७८६ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला आपला सदस्य म्हणून निवडले. थोड्याच दिवसांनी, २० एप्रिल रोजी, त्याचे निधन झाले. रात्रीच्या थंड हवेत वेध घेताना जडलेल्या आजाराने त्याचा अंत झाला, असे सांगितले जाते. घराण्याच्या गावी, हन्सिंगोर येथे, त्याचे दफन झाले.

पिगॉटने पुढेही वेध चालू ठेवले आणि १७९५ मध्ये उत्तर मुकुटातील एक विलक्षण रूपविकारी तारा शोधून काढला. परंतु चिठ्ठ्या पाठवून रात्रीचा वेध पडताळावा असा सोबती त्याला पुन्हा मिळाला नाही.

निवाडा

मायावतीच्या प्रश्नाचा निवाडा लागण्यास एक शतक जावे लागले. १८८९ मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅम येथे हेरमान फोगेल याने मायावतीच्या वर्णपटातील रेषा मागेपुढे सरकतात हे दाखवून दिले. ती एका अदृश्य जोडीदाराभोवती फिरत आहे, हे त्यामुळे निश्चित झाले. ग्रहणाचा तर्क खरा ठरला. उष्ण, तेजस्वी मुख्य ताऱ्यासमोरून थंड व मंद जोडीदार जातो तेव्हा एकूण प्रकाश सुमारे एक तृतीयांशावर येतो.

बीटा स्वरमंडळ हीदेखील एक जोडीच निघाली. ते दोन तारे इतके निकट आहेत की एकाचे द्रव्य दुसऱ्याकडे वाहत जाते. डेल्टा वृषपर्वा हा तारा प्रसरण-आकुंचन पावणारा ठरला. याच जातीच्या ताऱ्यांचा फेरा आणि त्यांची अंगभूत तेजस्विता यांचे नाते अमेरिकेतील हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीने १९१२ मध्ये प्रस्थापित केले. योगायोग असा, की तिचीही श्रवणशक्ती क्षीण झालेली होती. त्या नात्याच्या आधारे १९२३ मध्ये एडविन हबल याने देवयानीतील तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या पलीकडे असल्याचे सिद्ध केले. विश्वाच्या विस्ताराचे माप घेणाऱ्या काठीचे एक टोक अशा रीतीने यॉर्कच्या त्या खिडकीपाशी पोचते.

मग डागांच्या तर्काचे काय झाले? गुड्रिकच्या तिन्ही ताऱ्यांनी त्याला नाकारले होते. तो काही काळ अडगळीत पडला. १९०८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल याने सौरडागांत प्रबळ चुंबकीय क्षेत्र असल्याचे दाखविले. पृष्ठभागाखालून वर येणाऱ्या उष्ण वायूचा प्रवाह हे क्षेत्र रोखून धरते. त्यामुळे तो भाग थंड होतो आणि काळा दिसतो. सूर्यपृष्ठाचे तापमान सुमारे ५८०० केल्विन असेल, तर मोठ्या डागाच्या गाभ्यात ते ४००० च्या आसपास असते. पण सूर्यावरील डाग त्याच्या दृश्य बिंबाचा एक टक्काही व्यापत नाहीत. इतक्या लहान डागांनी दूरच्या ताऱ्याचा प्रकाश डोळ्यांना जाणवेल इतका कसा घटणार?

या प्रश्नाचे उत्तर तरुण ताऱ्यांनी दिले. १९४५ मध्ये आल्फ्रेड जॉय याने वृषभ राशीतील व आसपासच्या धूलिमेघांजवळच्या काही अनियमित ताऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग केला. त्याला टी टौरी वर्ग म्हणतात. हे नुकतेच जन्मलेले तारे होत, हे पुढे उमगले. १९४७ मध्ये जेराल्ड क्रॉन याने एका जोडताऱ्याच्या प्रकाशातील चढउतारांसाठी डागांचा खुलासा पुन्हा मांडला. तेव्हा त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. परंतु पुढील काही दशकांत सूक्ष्म प्रकाशमापनाने पुराव्यांचा ढीग पडला.

तरुण तारा वेगाने फिरतो. त्याच्या अंतरंगातील वायू खोलवर उकळत असतो. वेगवान परिवलन आणि हे उकळणे यांच्या संयोगातून सूर्याच्या मानाने कितीतरी प्रबळ चुंबकत्व निर्माण होते आणि त्याचे डाग पृष्ठभागाचा दहा टक्के वा त्याहूनही अधिक भाग व्यापतात. तारा वळत जातो तसतसे हे विशाल डाग समोर येतात व आड जातात, आणि प्रकाश नेमाने कमीजास्त होतो. वृषभेतील ‘व्ही ४१०’ हा तारा याचे उत्तम उदाहरण होय. त्याचा फेरा १.८७ दिवसांचा आहे. म्हणजे तो दोन दिवसांच्या आत स्वतःभोवती एक प्रदक्षिणा पुरी करतो. सूर्याला विषुववृत्ताजवळ त्यासाठी सुमारे २५ दिवस लागतात. ज्या बालताऱ्यांभोवती अजून वायू व धुळीची चकती आहे त्यांचा प्रकाश इतर कारणांनीही अनियमितपणे हेलकावतो. चकती नाहीशी झाली की डागांची ही लय स्पष्ट दिसू लागते.

या लयीतून ताऱ्याचे वयही वाचता येते. चुंबकीय क्षेत्रात अडकून बाहेर वाहणारा वायू ताऱ्याची गती हळूहळू काढून घेतो. सूर्यासारखा तारा जसजसा प्रौढ होतो तसतसा तो मंदगती होतो आणि त्याचे डागही ओसरतात. सुमारे ४६० कोटी वर्षे वयाचा आपला सूर्यही बालपणी असाच डागाळलेला आणि चपळ असला पाहिजे. २००९ मध्ये सोडलेल्या केप्लर या अंतराळ दुर्बिणीने हजारो ताऱ्यांच्या परिवलनाचे काल अशा डागांवरूनच मोजले. गुड्रिकने ज्याला नुसता तर्क म्हणून लिहून ठेवले, ते आज ताऱ्यांचे वय काढण्याचे साधन झाले आहे.

मायावतीनेही आपले शेवटचे नवल राखून ठेवले होते. तिचा थंड जोडीदार त्याच पावणेतीन दिवसांहून थोड्या अधिक काळात स्वतःभोवती फिरतो आणि म्हणून तोही चुंबकीयदृष्ट्या अत्यंत प्रक्षुब्ध आहे. २०१० मध्ये दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणींच्या संयुक्त वेधांतून त्याच्यापासून मुख्य ताऱ्याच्या दिशेने झेपावणारी चुंबकीय कमान प्रत्यक्ष चित्रित झाली. मायावतीची मंदावस्था ग्रहणाने होते, यात संशय नाही. परंतु ग्रहण लावणारा तो गोल स्वतः डागांच्या जातीचा आहे. दोन तर्कांपैकी एकाची निवड करणाऱ्या जगाला दोहोंचे अंश एकाच ठिकाणी सापडावेत, हे विलक्षण होय.

यॉर्क विद्यापीठात १९६८ पासून गुड्रिकच्या नावाचे महाविद्यालय आहे, एका लघुग्रहालाही त्याचे नाव दिलेले आहे. त्याची दैनंदिनी यॉर्कमध्ये जतन केलेली आहे. कोणी तरी ती जपली म्हणूनच त्या रात्रींचा हिशेब आज वाचता येतो. ग्रंथालय या संस्थेचे प्रयोजन याहून निराळे ते काय?

आपल्या सभासदांपैकी ज्यांना इच्छा असेल त्यांनी डिसेंबर-जानेवारीच्या सायंकाळी उत्तरेकडे उंचावर शर्मिष्ठेच्या शेजारी ययाती समूह शोधावा. मायावती एरवी देवयानीतील अलमाक ताऱ्याइतकी तेजस्वी असते. काही रात्री सातत्याने पाहिल्यास ती एखादे दिवशी मलूल झालेली आढळेल. दुर्बीण लागत नाही, कान लागत नाहीत. लागते ती वही, घड्याळ आणि पुन्हा पाहण्याचा धीर. दोनशे चाळीस वर्षांपूर्वी एका अठरा वर्षांच्या मुलापाशी तेवढेच होते.